अमेरिकेच्या हवेवर तीन तास

झोपेच्या बाबतीत आमच्या बेंबळी गावात माझा हात धरणारा कुणी नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. एसटीत दांडीला लोंबकळत मी झोपलो आहे. न्हाव्यापुढं अर्ध्या गालाला साबण असताना झोपलो आहे. माझ्या स्वतःच्या लग्नात त्रिशरण-पंचशील चालू असताना माझा डोळा असा लागला, की लोकांना वाटलं, नवरदेव भलताच श्रद्धाळू दिसतो! आणि घोरणं असं, की शेजारच्या गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायची.

माझी बायको चंद्रप्रभा म्हणायची, घोरण्याचं काही नाही, मधेच तुम्ही गप्प होता तेव्हा माझा जीव जातो. ती माझ्या छातीवर हात ठेवून झोपायची. छाती हलायची थांबली की मला गदागदा हलवायची, मग मी म्हशीसारखा हुंकार देऊन पुन्हा सुरू व्हायचो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षं ती बाई अशी पहाऱ्यावर होती. धाराशिवच्या एका डॉक्टरला दाखवलं. त्यानं रक्त वाढायचं लाल औषध दिलं. त्यानं मला आणखीच गाढ झोप लागायला लागली.

मी गावच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो. साल सत्त्याऐंशी. दुष्काळानं सलग तिसरं वर्ष धरलेलं. जनावरं चाऱ्याच्या छावणीत आणि सोसायटीत दुधापेक्षा कॅन जास्त. दूध थंड करायचं मोठं मशीन मात्र दिवसभर चालू असायचं आणि स्वतःलाच थंड करत बसायचं. त्याच्यासाठी वेगळी लाईन होती. सगळ्या गावाची लाईट गेली तरी आमची जायची नाही. अशा ऑफिसात दुपारी मला जागं ठेवणं म्हणजे चाळणीत पाणी ठेवण्यासारखं होतं. एकदा फॅट तपासताना हातात ॲसिडची बाटली घेऊन उभ्या उभ्या डुलकी लागली. पँटला मांडीवर रुपयाएवढं भोक पडलं. चार बोटं इकडं-तिकडं झालं असतं, तर ही गोष्ट सांगायला दुसरा माणूस लागला असता.

वार्षिक सभेत एक सभासद उठून म्हणाला, आयती नोकरी मिळाली की झोप येतीच. सगळे हसले. आयती म्हणजे काय, हे सभेत कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. औरंगाबादला एक वेळ जेवून मी बी.ए. झालो होतो आणि मुलाखतीत सात जणांत पहिला आलो होतो. पण हे सांगायला उठावं, तर मी त्या सभेतही अर्धा झोपेतच होतो. खरं सांगायचं तर मलाही वाटायचं की आपण आळशीच आहोत. जयंतीच्या भाषणात कुणी 'जागे व्हा' म्हणालं, की मी मान खाली घालायचो. मला ते नाव घेऊन बोलल्यासारखं वाटायचं.

आता गंमत बघा. माझ्या समोरच्या खुर्चीत आमचे चेअरमन तात्याराव रोज दुपारी झोपायचे. माझ्यासारखंच घोरायचे, माझ्यासारखाच त्यांचा श्वास अडकायचा, माझ्यासारखेच दचकून उठायचे. पण ते झोपले की शिपाई कोंडिबा बाहेर जाऊन कावळे हाकलायचा आणि आलेल्या माणसाला सांगायचा, तात्या विचार करत्यात. एकाच खोलीत दोन माणसं झोपायची. एक विचार करायचा आणि दुसरा पगार खायचा.

त्या वर्षी तात्याराव अमेरिकेला मुलाकडं तीन महिने जाऊन आले. येताना त्यांनी एक मशीन आणलं आणि एका रोगाचं नाव आणलं. तिथं त्यांच्या सुनेला त्यांच्या घोरण्यानं झोप येईना, म्हणून मुलानं त्यांना दवाखान्यात एक रात्र तारा लावून निजवलं. डॉक्टर म्हणाले, झोपेत यांचा गळा मिटतो आणि तासाला चाळीस वेळा श्वास थांबतो. म्हणून हे मशीन. कोंबडीच्या खुराड्याएवढा डबा, त्याला हातभर नळी आणि नळीच्या टोकाला नाकावर बांधायचा रबरी मुखवटा. मशीन जोरानं हवा फुंकतं, त्यामुळं गळा उघडा राहतो. सोबत इंग्रजी पुस्तिका होती आणि गावात इंग्रजी नीट वाचणारा मीच. पुस्तिकेत लिहिलं होतं की सुरुवातीला दिवसा, जागेपणी, थोडा थोडा वेळ लावून सवय करावी. गावात लाईटचा भरवसा नाही, म्हणून मशीन सोसायटीत आलं.

मी पुस्तिका वाचून मराठीत सांगू लागलो. झोपेत श्वास अडकतो. जोडीदाराच्या लक्षात येतं. सकाळी डोकं जड होतं. काम करताना, उभ्यानंही डोळा लागतो. अशा माणसाला लोक आळशी समजतात. पुढचं वाक्य होतं, पण तो आळस नव्हे, आजार आहे. ते वाक्य मी तात्यारावांना सांगितलंच नाही. मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचलं. माझ्या घरात कधी न आलेल्या कुणीतरी सातासमुद्रापार बसून माझा पंचनामा लिहून ठेवला होता, आणि शेवटी मला निर्दोष सोडलं होतं.

थोड्या वेळानं मी धीर करून म्हणालो, "साहेब, हे सगळं मलाही होतं."

तात्याराव हसले. म्हणाले, "सेक्रेटरी, हा अमेरिकेतला रोग हाय. तुमाला कुठनं हुईल? तुमाला नुसती झोप येती."

रोगालासुद्धा पासपोर्ट लागतो, हे मला माहीत नव्हतं.

तात्यारावांचं आणि मशीनचं काही जमेना. पट्टे आवळले की मिशा दुखायच्या, सैल केले की हवा डोळ्यांत जायची. बोलायला तोंड उघडलं की नाकातली हवा तोंडातून फुर्रकन बाहेर, आणि न बोलता राहायची तात्यारावांना सवय नव्हती. रोज पाच मिनिटांत मुखवटा ओढून फेकायचे. आठव्या दिवशी मशीन बघायला दोन संचालक आले होते. त्यांच्यादेखत फजिती झाली तसे तात्याराव माझ्यावर चिडले. म्हणाले, पुस्तक तुम्ही वाचलंय, तुम्हीच लावून दाखवा.

मी म्हणालो, "साहेब, माझ्यानंतर तुम्हालाच लावायचं आहे."

त्यांनी एकदा संचालकांकडं बघितलं. मग मोठ्यानं म्हणाले, "आता ते दिवस ऱ्हायले का? लावा."

मी बाकावर आडवा झालो आणि मुखवटा बांधला. हवा नाकात शिरली. आधी जीव घाबरला. मग पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणं तोंड मिटून सावकाश श्वास सोडला. एवढंच मला आठवतं.

पुढचं सगळं नंतर ऐकलेलं आहे. त्या प्रसंगातला मुख्य माणूस मी असूनही हजर नव्हतो. तात्याराव आणि संचालक थोडा वेळ बघून चहाला घरी गेले. तीनच्या सुमाराला कोंडिबा मला हाक मारायला आत आला आणि दारातच थांबला. आवाज नव्हता. नऊ वर्षांत त्यानं मला आवाजाशिवाय झोपलेलं बघितलं नव्हतं. तोंडावर मुखवटा, मशीनची घरघर आणि मी गार पडल्यासारखा. मशीननं सायबाचा श्वास ओढून घेतला, असं त्यानं ठरवलं. शॉक बसेल म्हणून त्यानं मला हात लावला नाही, बटणही बंद केलं नाही. तो सरळ आमच्या वस्तीवर पळाला आणि मी गेल्याचं सांगितलं.

अर्ध्या तासात सोसायटीपुढं वस्तीतली साठ-सत्तर माणसं जमली. तात्यारावानं अमेरिकेचं मशीन आधी आपल्या माणसावर चालवून बघितलं, असं एकानं म्हटलं आणि ते सगळ्यांना पटलं. कुणीतरी दगड उचलला. तेवढ्यात तात्याराव आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. गर्दीला हात जोडून ते म्हणाले, "म्या न्हाय सांगितलं. त्यानंच हौसेनं लावलं." दोन्ही संचालकांनी माना डोलावल्या.

मग चंद्रप्रभा आली. रडणाऱ्या बायकांना बाजूला सारून ती आत गेली आणि रोजच्यासारखा माझ्या छातीवर हात ठेवला. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग बाकाशेजारी खाली बसली आणि म्हणाली, "झोपलेत. कुणी उठवू नका."

कुणाचा विश्वास बसेना. तिनं एकेकाला आत बोलावून माझी छाती दाखवली. दगड उचलणाऱ्यालाही दाखवली. पुढं दोन तास तिनं हात काढला नाही आणि एकदाही मला हलवावं लागलं नाही. त्या दोन तासांत तीच जास्त रडली, असं कोंडिबा सांगतो.

साडेपाचला मला जाग आली. खिडकीत चेहरेच चेहरे. मला वाटलं, दूध घालायला एवढी गर्दी, म्हणजे दुष्काळ संपला की काय! मग डोकं हलकं लागलं. कपाळावर वर्षानुवर्षं ठेवलेला पाटा कुणीतरी उचलून नेला होता. संध्याकाळचं दूध मी एकही डुलकी न घेता मोजलं. घरी गेल्यावर जेवताना दोन गोष्टी सांगितल्या, मुलीचं गणित तपासलं, त्यातली चूकही सापडली. चंद्रप्रभा माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "असे असता व्हय तुम्ही."

दुसऱ्या दिवसापासून मशीन सोसायटीत दिसेना. कोंडिबाकडून कळलं, तात्यारावांच्या मंडळींनी, केशरबाईंनी, मुखवटा गोमूत्रानं धुतला. तरी मनाचं समाधान होईना, म्हणून घंगाळात घालून तासभर उकळला. रबर ते. वाकडंतिकडं होऊन बसलं. तात्यारावांना मी विचारलं तर ते म्हणाले, माझं काही नाही हो, पण बायकांपुढं काय चालतं?

चंद्रप्रभानं मला आठ दिवस सांगून सांगून तात्यारावांच्या घरी पाठवलं. मी ओसरीच्या कडेला उभा राहून म्हणालो की, तुम्ही वापरत नसाल तर मशीन मला द्या, मुखवटा मी कसाही जमवतो, सायकलच्या ट्यूबचा करतो. तात्यारावांनी ऐकून घेतलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "पोरानं परेमानं दिलेली वस्तू हाय, सेक्रेटरी. अशी कुणालाबी देता येती का?" आत कपाटावर मशीन दिसत होतं. त्यावर केशरबाईंनी विणलेला मोरांचा रुमाल घातला होता.

महिनाभरानं मुलाचं पत्र आलं. त्यानं दुसरा मुखवटा पाठवायची तयारी दाखवली होती, पण कंपनीला कारण कळवावं लागतं, पहिला कशानं खराब झाला ते इंग्रजीत सही करून पाठवा, असं लिहिलं होतं. तात्यारावांनी मला बोलावलं, पंखा माझ्याकडं वळवला आणि कोंडिबाला बाहेर पाठवून दार लोटून घेतलं. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लिवा, उंदरानं कुरतडला."

मी लिहायला लागलो आणि अडलो. मराठीत नुसतं 'उंदरानं' म्हटलं की भागतं, इंग्रजीत एकवचन-अनेकवचन ठरवावं लागतं.

"साहेब, उंदीर एक लिहू का पुष्कळ?"

तात्यारावांनी जरा विचार केला. खरोखरच केला, त्या वेळी ते जागे होते. म्हणाले, "एकच होता."

मी तसं लिहिलं. आता स्वतःच्या तोंडानं सांगणं बरं नव्हे, पण त्या पत्रात इंग्रजीची एकही चूक नव्हती.