शिळेच्या रक्षणार्थ

सन १९४४ च्या पौषात जुन्या वास्तूंच्या खात्याचे एक साहेब खडकवाडीचा मठ पाहायला आले. खडकवाडी मिरजगावच्या पुढे चार कोसांवर. मठ सहाशे वर्षांचा. गोसाव्यांच्या बारा खोल्या आणि मधोमध विहीर. गोसावी कधीच संपले होते, विहीर संपली नव्हती. पंचक्रोशीत गोड्या पाण्याची विहीर तेवढीच. एरवी एकमेकांच्या हातचं न पिणारं गाव तिथलं पाणी मुकाट्यानं पीत असे. मठाच्या पहिल्या महंतानं पोहरा ओढायचं काम गनीभाईंच्या घराण्याला लावून दिलं होतं आणि पाण्याला कोणालाही नाही म्हणायचं नाही असं बजावलं होतं.

नुसतं बजावून आपले लोक ऐकत नाहीत, हे महंताला ठाऊक असावं. म्हणून त्यानं विहिरीशेजारी एक शिळा उभी केली. हे पाणी जो अडवील त्याच्या आईला गाढव, असं तिच्यावर कोरलं होतं. पुढचं मी लिहीत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या सोयीसाठी खाली चित्र होतं.

साहेबांनी शिळा वाचली आणि हॅट काढली.

"अत्यंत दुर्मीळ. ही जपलीच पाहिजे."

"कशापास्नं?" पाटील आप्पासाहेबांनी विचारलं.

"पाण्यापासून. बायका घागरी भरतात, शिंतोडे उडतात, अक्षरं झिजतात."

महिन्याभरात हुकूम आला. त्याची भाषा भारदस्त होती; अर्थ एवढाच की पाणी अडवणाऱ्याला दिलेला शाप सुरक्षित राहावा म्हणून पाणी अडवण्यात येत आहे.

गनीभाई नगरला कचेरीत गेले. दोन दिवस व्हरांड्यात बसले, तिसऱ्या दिवशी साहेबांपुढं उभे राहिले.

"साहेब, मी शिळेला हात बी लावीत न्हाई. लांबच्या कडंनं पोहरा सोडतो."

"त्या काठावर दोराच्या खाचा पडल्या आहेत. फार जुन्या आहेत त्या."

"आमच्याच दोराच्या हायेत. बापाच्या, आज्याच्या, त्याच्या बी बापाच्या."

"म्हणूनच. तुम्ही आणखी दोर घासलात तर जुन्या खाचा नव्या होतील. खात्याला त्यांचं तुमच्यापासूनच रक्षण करायचं आहे."

पोहऱ्यालाही नंबर पडला आणि तो चौथ्या खोलीत कुलपात गेला.

पहारेकरी गावातलाच नेमला. बन्सी, छबूबाईचा एकुलता एक, चौथी पास. खाकी कोट, शिट्टी आणि प्रेक्षकांची वही. छबूबाई घरातला दोर आणि डोक्यावर घागर घेऊन पहिल्याच सकाळी दारात उभी राहिली.

"आये, मागं फिर. हुकूम हाय."

"पानी तू अडवायचंस आन् गाढव माज्या वाट्याला. पगार कुनाला रं?"

"मला."

"मंग शाप बी पगारासंगट घेत जा."

बन्सी ओशाळला. पण कोट अंगात होता. "बघायला ये की. दहा ते पाच बघायला मोकळीक हाय."

त्या दिवसापासून खडकवाडीच्या बायका पाणी बघायला जाऊ लागल्या. बन्सी एकेकीचं नाव वहीत लिही, येण्याचं कारण 'पाहणे' असं लिही, घागर बाहेर ठेवायला लावी. बायका काठावरून वाकून पाणी बघत आणि कोरड्या तोंडानं घरी जात. वर्षअखेरच्या अहवालात खात्यानं नोंदवलं की ग्रामीण स्त्रियांत प्राचीन वास्तूंची आवड झपाट्यानं वाढत आहे.

आप्पासाहेबांनी अर्ज केला. उत्तर आलं: पाहणं हा हक्क आहे, उपसणं हा वापर आहे, संरक्षित वास्तूचा वापर करता येत नाही, मात्र विद्वानांना परीक्षणासाठी एक बाटली पाणी नेता येईल. खडकवाडीत विद्वान नव्हते. तहानलेले होते, पण अर्जात तो रकाना नव्हता.

दुसरं पाणी दोन कोसांवर, ओढ्यातल्या झिऱ्याचं. त्यावर गावानं कसंबसं वर्ष काढलं. पुढच्या उन्हाळ्यात त्या पाण्यानं पटकी आली. सात माणसं गेली. वैशाखापर्यंत घरांना कुलपं लागली. कोणी सोनईकडं बागायतात मजुरीला गेलं, कोणी कुठं. आप्पासाहेब सासुरवाडीला जाऊन राहिले. गनीभाई रिकाम्या हातानं गेले.

खात्याला ओसाड घरं आवडली. तीही यादीत चढली. वेशीवर पाटी लागली: 'हे गाव का उठले याविषयी विद्वानांत मतभेद आहेत.'

एकच अडचण राहिली. लांबून येणाऱ्या प्रेक्षकांनी तक्रार केली की इथं प्यायला पाणी नाही. गावानं वर्षभर हेच सांगितलं होतं, पण गाव प्रेक्षक नव्हतं. ही तक्रार मात्र आठ दिवसांत निकाली निघाली. पहारेकऱ्यानं प्रेक्षकांसाठी पाणी ठेवावं, ते विहिरीतलं नसावं, आणि त्यासाठी त्यानं जागा सोडू नये.

बन्सीनं जागा सोडली नाही. छबूबाईची साठी उलटली आहे. दिवसातून दोनदा ती त्या झिऱ्यावर जाते.

"जरा थांबून भर," बन्सी म्हणतो. "गढूळ आलं तर लोक वहीत लिहित्यात."

"लिहू दे. त्यास्नी तेवढंच येतं."

गेल्या रविवारी तुम्ही आला होतात. मिरजगावपर्यंत सर्व्हिस मोटारीनं, पुढं बैलगाडीनं. शिळेवरचं चित्र पाहून तुम्ही हसलात आणि बायकोला तिकडं बघू नको म्हणालात. विहिरीत वाकून हाळी दिलीत, घुमते का बघायला. मग तहान लागली. बन्सीनं भरून दिलेले दोन पेले प्यायलात, तिसऱ्यानं पायांवरची धूळ धुतलीत. भिंतीच्या सावलीला एक म्हातारी मान चोळत बसली होती. फोटोत येत होती म्हणून तुम्ही तिला जरा बाजूला व्हायला सांगितलंत. ती झाली.

वहीत तुमचा शेरा आहे: 'स्थळ रम्य व शांत. गावकऱ्यांचा उपद्रव नाही. पिण्याच्या पाण्याची सोय उत्तम.'

सही वळणदार आहे.