झुडपाचं स्वावलंबन

ज्याचं त्यानं करावं, हा विश्वाचा नियम आहे. तो मोडणाऱ्यांत काही वनस्पती, बरेचसे कीटक आणि झाडून साऱ्या लेकुरवाळ्या बायका येतात. पैकी पहिल्या दोघांचा बंदोबस्त वाळवंटी वनस्पती संशोधन केंद्रानं कसा केला, त्याची ही हकिकत.

केंद्राच्या मागच्या काचघरात एक काटेरी झुडूप होतं. त्याच्या जातीचं बाहेर वाळवंटात आता एकही उरलं नव्हतं. त्याची देखभाल करणाऱ्या मदतनीस बाईंना सगळे कुंडीताई म्हणत. सहा वर्षं त्यांनी ते जपलं होतं, आणि यंदा त्याला पहिल्यांदाच कळ्या आल्या होत्या. बी धरलं तर जात टिकणार, नाहीतर कुंडीवरची पाटी तेवढी उरणार.

नेमके त्याच आठवड्यात नवे संचालक आले. साहेब कमालीचे कर्तव्यदक्ष होते (कर्तव्यात व्यत्यय नको म्हणून त्यांचा चष्मा शोधायला आणि सहीखाली तारीख घालायला शिपाईमामा नेमलेले होते). साहेबांनी झुडपाची चौकशी लावली. अहवाल धक्कादायक निघाला. मुळांना बुरशी चिकटली होती. ती वाळूच्या कानाकोपऱ्यातून ओल आणून देई आणि मोबदल्यात झुडपाची साखर खाई. वाळूतले जिवाणू मुळांना खत पुरवून तिथंच ठाण मांडून बसले होते. शिवाय करड्या पतंगांचे कोष वर्षानुवर्षं वाळूत झोपा काढत होते. फूल उमललं की हे पतंग उठणार, पराग नेऊन टाकणार आणि तिथंच अंडी घालणार. अळ्या शंभरातले पंधरा दाणे फस्त करणार. थोडक्यात, त्या कुंडीत एकही जण स्वतःच्या पायावर उभा नव्हता (पतंगांना सहा पाय असूनही).

‘सदर झुडूप परावलंबी असून त्यास आश्रितांची सवय जडली आहे,’ असं परिच्छेद चारमध्ये नमूद झालं.

“साहेब, सवय नाही हो ती,” कुंडीताई म्हणाल्या. “संसार आहे त्याचा.”

“संसार घरी, बाई. इथे संशोधन.”

मग मुळं खसाखसा धुतली गेली. नवी वाळू भट्टीत भाजून निर्मळ करण्यात आली. बुरशीला काचेच्या बशीत आणि कोषांना झाकणाच्या बरणीत स्वतंत्र जागा मिळाली. जुनी वाळू शेडमागे फेकली. प्रत्येकाच्या नावे स्वावलंबन पत्रक भरलं गेलं. रकाना तीन, मदत करणाऱ्याचे नाव: निरंक. तेच पत्रक कर्मचाऱ्यांनाही होतं. कुंडीताईंची दहा महिन्यांची लेक दिवसभर शेजारच्या काकूंकडे असे, आणि काकूंच्या गुडघ्यांना रोज संध्याकाळी कुंडीताई तेल चोळत. पण त्यांनीही निरंकच लिहिलं. रकाना अर्ध्या बोटाचा होता, काकू त्यात मावल्या नसत्या.

पहिल्या आठवड्यात झुडूप पिवळं पडलं. नोंद झाली: शिस्त अंगी लागत आहे. दुसऱ्या आठवड्यात पानं गळली. नोंद: अनावश्यक भार कमी. बशीतली बुरशी वाळून कोरडीठाक झाली, तिची नोंद ‘सेवानिवृत्त’ अशी झाली. एका सकाळी मोजल्या तर कळ्या पाचच उरल्या होत्या.

त्याच दिवशी काकूंना ताप भरला. कुंडीताई लेकीला कडेवर घेऊन कामावर आल्या. दुसऱ्या हातात दुधाच्या पावडरीचा डबा होता, त्यात शेडमागची जुनी वाळू, उरल्यासुरल्या बुरशी-जिवाणूंसकट.

“मामा, दहा मिनिटं धरा हिला.”

“धरतो की. पण साहेबांनी हाक मारली तर?”

“शोधतील आपला चष्मा आपण. स्वावलंबन आहे.”

“मग काही सापडत नाही आज तो,” मामा म्हणाले आणि त्यांनी पोरीला खांद्यावर घेतलं.

तो खरोखरच सापडला नाही, त्यामुळे काचघराची तपासणी रद्द झाली. कुंडीताईंनी मुळांशी जुनी वाळू कालवली, बरणीचं झाकण काढून ती कळ्यांखाली ठेवली आणि हात धुतले.

महिन्याभरात झुडूप हिरवं झालं. चार फुलं, दोन फळं, एकेचाळीस दाणे. पैकी सहा अळ्यांनी खाल्ले (त्यांचा हक्काचा घास). वाळवंटातली पहिली स्वावलंबी वनस्पती घडवल्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला. स्वावलंबनावरचं त्यांचं भाषण कारकुनानं उत्तम लिहिलं होतं. कुंडीताई लेकीला घेऊन मागं उभ्या होत्या. टाळी वाजवायला त्यांचा एकच हात मोकळा होता. दुसरा लेकीनं दिला.

साहेबांच्या आदेशानुसार तेच पत्रक आता वाचकांकडूनही भरून घ्यायचं आहे. आपण इथवर एका बैठकीत, न उठता वाचलंत. तेवढ्या वेळात दूध उतू गेलं नाही, मूल रडलं नाही, दाराची बेल वाजली ती कुणीतरी जाऊन पाहिली. कृपया रकाना तीन भरावा. निरंक लिहिलंत तरी चालेल. आपल्याही पत्रकात तो अर्ध्या बोटाचाच आहे.