हो सर म्हणणाऱ्याला भोपळा

आमच्या हेडाऊ सरांना "आज ऊन फार आहे" एवढं म्हणून बघा. रामदासपेठेत डांबर वितळत असलं तरी चष्मा वर सरकवून म्हणतील, "हे तुझं मत झालं गा. पुरावा?" मी त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, टेबल त्यांच्या शेजारी. चहात साखर कमी आहे हे सिद्ध करता करता माझा चहा रोज निवतो.

सर शिकवतात जीवशास्त्र, पण त्यांच्या तोंडी परीक्षेत पोरांना घाम फुटतो. "वटवाघूळ उडते, म्हणजे पक्षी," असं धादांत खोटं ठणकावून सांगायचं आणि समोरच्याकडे बघत बसायचं. "हो सर" म्हणणाऱ्याला भोपळा. जो नाही म्हणेल, पुरावा देईल आणि त्यावरून आपलं म्हणणं कसं खरं ठरतं तेही सांगेल, त्याला पैकीच्या पैकी. पालक तक्रार घेऊन येतात, की मोठ्यांना उलट बोलू नये असं आम्ही शिकवलंय. सर त्यांनाही पुरावा मागतात.

यंदा अकरावीतली पल्लवी अडकली. हुशार पोरगी, पण सरांसमोर तोंडून "हो सर"च निघायचं. दोनदा भोपळा मिळाला. आता शेवटची संधी, नाहीतर विषय राहायचा. मी म्हटलं, सर, जरा सांभाळून घ्या. ऐकतील तर शप्पथ!

त्या दिवशी सरांनी घरून कुंडी आणली. त्यात कढीपत्ता, आमच्याकडचा गोडलिंब. एक पान नाही, नुसत्या काड्या. कुंडी माझ्या ओळखीची. सरांच्या बायकोनं, गेल्या वर्षी वारलेल्या वहिनींनी लावलेली. "काहीतरीच सांगून राहिले तुम्ही," असं सरांना तोंडावर म्हणणारी अख्ख्या नागपुरात ती एकच बाई.

"हे झाड मेलं," सर म्हणाले.

पल्लवीच्या ओठांवर "हो" आलंच होतं. शेजारच्या टेबलावर मी चहाचा कप तसाच धरून बसलो. मग तिनं हळूच नखानं खोड खरवडलं.

"नाही सर. आतून हिरवं आहे, ओलं आहे. म्हणजे पेशी जिवंत आहेत. पानं गळली म्हणून झाड मेलं, असं नाही म्हणता येत."

सर खोडाकडे बघतच राहिले. "पुन्हा सांग वं," म्हणाले. तिनं पुन्हा सांगितलं. पैकीच्या पैकी घेऊन पोरगी उड्या मारत गेली.

मी हसून म्हटलं, काय नाटक वठवलंत सर. ते आपल्या बाटलीतलं पाणी कुंडीत ओतत होते.

"नाटक नव्हतं गा. मले खरंच मेलं वाटलं होतं. घरी आता नाही म्हणणारं कोणी नाही, म्हणून इथं आणलं."