लाडोबा बघतोय

उभं आयुष्य मी मोठमोठ्यांच्या फुग्यांना टाचण्या टोचण्यात घालवलं. तेव्हा दोन बोटं लांबीचा एक मासा मला सांभाळता येणार नाही, अशी शंका घेणं हा माझा सरळसरळ अपमान होता. तो आमच्या कन्येने केला. कामासाठी ती काही महिने परगावी निघाली होती आणि जेवणाच्या टेबलाशेजारची तिची खाऱ्या पाण्याची काचपेटी माझ्या स्वाधीन करत होती.

पेटीत लाडोबा नावाचा केशरी-पांढरा मासा आणि एक जिवंत प्रवाळ. नखाएवढा तुकडा आणून तिने तो फुललेल्या शेवंतीएवढा केला होता.

"बाबा, दिवसातून एकदा, चिमूटभर खाणं. जास्तीचं पाण्यात कुजतं, त्यातून नायट्रेट वाढतं, शेवाळ माजतं आणि माझं प्रवाळ मिटून जातं. ते गेलं ना, तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

"मी आहे ना," मी म्हणालो. हे वाक्य मी जेव्हा जेव्हा उच्चारलं आहे, तेव्हा तेव्हा घरात प्लंबर आला आहे.

पहिले काही दिवस बरे गेले. मग काचेवर हिरवी लव आली. मी ती खरवडली. ती दुप्पट आली. प्रवाळ अंग चोरून बसू लागलं. मी नळीत पाणी घेऊन कन्येने दिलेले तपासणीचे थेंब टाकले. पिवळा रंग चांगला, लाल वाईट. माझं रक्त काढलं असतं तरी इतकं लाल निघालं नसतं!

पाणी बदलायचं ठरलं. मी न्हाणीघरात बादलीभर खारं पाणी कालवून ठेवलं. सासूबाई आमच्याकडेच असतात. कपडे भिजवायला आयतं पाणी मिळालं म्हणून त्यांना बरं वाटलं. वाळल्यावर माझा सदरा खुंटीची मदत न घेता उभा राहिला.

शेवटी मी नळी घेऊन मत्स्यालयाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने ती उजेडात धरली आणि मासे किती, असं विचारलं. एक, मी म्हणालो. त्याने पुन्हा नळीकडे पाहिलं आणि घरी जाऊन एकदा मोजून घ्या, असं सुचवलं. तरी त्याने पाण्यातली घाण फेसाबरोबर वर काढणारं एक यंत्र दिलं. ते इतकं कामसू निघालं की दुपारी जेवायला बसलो तेव्हा टेबलक्लॉथवर तपकिरी फेसाची आघाडी सरकत येत होती आणि आमची ही ताट घेऊन माघार घेत होती.

मी मात्र खरोखरच मासे मोजले. एकच होता. काचेला नाक लावून, तोंडाची उघडझाप करत, तो आमच्या प्रत्येक घासाकडे बघत होता. जन्मल्यापासून अन्नाचा कण न पाहिल्यासारखा!

"एका माशाच्या पाण्यात चार माशांची घाण कशी होते?" मी विचारलं.

सासूबाई कोशिंबिरीत काहीतरी शोधू लागल्या.

"हे बघा जावईबापू," त्या अखेर म्हणाल्या, "आपण गिळायचं आणि त्या पोराने बघत बसायचं? मला नाही घास उतरत. जेवणाआधी घालते त्याला दोन दाणे."

"आई, तूसुद्धा?" ही म्हणाली आणि जीभ चावली.

"म्हणजे तूही घालतेस?"

मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी लाडोबाकडे पाहत होतो. तो अजिबात ओळख दाखवत नव्हता, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

खाण्याचा डबा कपाटात गेला. बंदी पुढच्या जेवणापर्यंत टिकली. सासूबाईंनी अर्धं ताट बाजूला सारलं आणि हिने डोळे पुसले. पाण्याने भरलेली पेटी हलवणं अशक्य, टेबल झोपण्याच्या खोलीच्या दारातून जाईना. तेव्हा आम्हीच हललो. पलंगावर वर्तमानपत्र पसरून, दार लावून, कुजबुजत जेवू लागलो. चमचा वाटीला लागला की सासूबाई डोळे वटारत. तीन घोडमी माणसं एका माशापासून लपून जेवत होती. पण पाणी हळूहळू पिवळ्याकडे वळलं आणि प्रवाळाने अंग मोकळं केलं.

आणि एक दिवस ऐन जेवणात दार उघडलं. कन्या न कळवता आली होती.

"कोण आजारी आहे?" तिचा चेहरा उतरला होता.

"हळू बोल," ही म्हणाली. "आपण जेवतोय हे त्याला कळेल."

सगळं ऐकून पोर हसून हसून पलंगाच्या कडेवर बसली. मग आधी पेटीपाशी गेली. प्रवाळ टच्च फुललं होतं. पाणी तपासलं, स्वच्छ पिवळं. "बाबा, मला खरंच वाटलं नव्हतं," ती म्हणाली. मी चेहरा विनम्र केला. निवृत्तीनंतर तो फारसा वापरात नव्हता, पण जमला.

ती आमच्यात जेवायला बसली. दोन घास खाल्ले, थांबली, दाराकडे पाहिलं आणि पाणी आणते म्हणून उठली. भरलेला तांब्या तिच्या पुढ्यातच होता. ती परतली ती रिकाम्या हाताने, आणि त्या हाताला माशाच्या खाण्याचा वास येत होता.

"किती घातलंस?" मान वर न करता सासूबाईंनी विचारलं.

"चिमूटभरच, आजी."

मी पुढचा घास घेतला. ती गावाहून यायच्या जरा आधी मीठ आणायला म्हणून मीही बाहेर जाऊन आलो होतो. भाजी अजून अळणीच होती.