घडी केलेले कपडे

किलोमीटर ०

डोमाजीच्या झोपडीला कुलूप होतं. सगळं तिथूनच बिघडलं.

नागसेन गवई दर रविवारी पहाटे बडनेऱ्याहून मोटरसायकलनं निघायचा, तिवस्याच्या अलीकडे सुकळीच्या धरणावर यायचा, डोमाजीच्या झोपडीत कपडे बदलायचा आणि झोपडीमागे ठेवलेली आपली लांबट पिवळी बोट खांद्यावर घेऊन पाण्याकडे चालायला लागायचा. डोमाजी म्हणजे धरणात मासे धरणारा म्हातारा. त्या दिवशी तो पुतणीच्या लग्नाला गेला होता.

नागसेननं इकडेतिकडे पाहिलं. काठावर चिटपाखरू नव्हतं. धरणाच्या भिंतीखालच्या सपाट धोंड्यावर त्यानं शर्ट काढला, पँट काढली, दोन्हींची घडी घातली, वर पट्टा गुंडाळून ठेवला. शेजारी चपला, जोडीनं. रेल्वेच्या सिग्नल खात्यात एकवीस वर्षं काढलेला माणूस वस्तू कुठेही टाकत नाही.

पँटच्या खिशात फोन होता आणि एक चिठ्ठी. स्वतःला धाक राहावा म्हणून त्यानं ती स्वतःच लिहिली होती.

*आज शेवटचा दिवस. आज झालं नाही तर संपलं. रश्मीला शब्द दिला आहे.*

किलोमीटर ६

शब्द असा होता.

पुढच्या महिन्यात नर्मदेवर एकट्यानं वल्हवायच्या बोटींची बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन होती. मागच्या वर्षी नागसेनला अडतिसाव्या किलोमीटरला आयोजकांनी दोरानं बांधून ओढत आणलं होतं, म्हशीसारखं. त्या शर्यतीत एक वाळूचा पट्टा बोट खांद्यावर घेऊन पार करायचा असतो. तेवढ्या पट्ट्यात मात्र त्यानं नऊ जणांना मागे टाकलं. वऱ्हाडात उन्हाळ्यात पाणी काठापासून इतकं लांब जातं की बोट चालवण्यापेक्षा वाहण्याचाच सराव जास्त होतो. मग पुढे पाणी लागलं आणि ते नऊही जण निघून गेले.

यंदा नियम आला. नऊ तासांच्या आत बेचाळीस किलोमीटर वल्हवून दाखवा, किलोमीटर आणि वेळ मोजणाऱ्या घड्याळातली नोंद या रविवारी संध्याकाळपर्यंत पाठवा, नाहीतर नाव कापू.

रश्मी म्हणाली होती, "झालं तं जा. नाई झालं तं थे बोट डोमाजीबाबाले देऊन टाका. मासे तरी धरन तो."

ती शर्यतीवर चिडलेली नव्हती. धरणावर धड बोट असलेला माणूस एकच असला, की लोक त्याला एकाच कामासाठी बोलावतात. दोन वर्षांत नागसेननं त्या पाण्यातून अकरा माणसं काढली होती. त्यातला एकही जिवंत नव्हता. नववा अमरावतीला क्लासला असलेला पोरगा होता. त्याच्या मनगटावरचं घड्याळ चालू होतं. त्या दिवसापासून नागसेन चमच्यानं जेवायचा. हात धुतलेले असायचे, पण तरीही चमच्यानं. रश्मी ताटाशेजारी चमचा ठेवायची. एकदाच म्हणाली, "तुमी शर्यतीची तयारी करून राहिले का मेलेल्यायची?"

 त्याचं उत्तर तो आज देणार होता.

किलोमीटर १९

"ओ बोटवाले साहेब! ओ!"

सुकळीचे पोलीस पाटील शेषराव काठावर उभे राहून दुपट्टा हलवत होते.  हा दुपट्टा त्याला ओळखीचा होता.

"कोन गेलं?" त्यानं लांबूनच विचारलं.

"मालूम नाई! मानूस नाई भेटला, कपडे भेटले!"

"मंग पोहत असन कोठीतरी!"

"घडी केलेले हायेत, साहेब."

वल्हं थांबलं. शेषरावांना अठरा वर्षांचा अनुभव होता आणि त्यांचा नियम कधी चुकला नव्हता. पोहायला उतरणारा कपडे फेकतो. घडी करून ठेवणारा परत येत नाही.

"चपला?"

"जोडीनं."

"अरे बाप्पा."

"चिठ्ठी बी हाये. बायकोले शब्द देल्ता म्हने. जमादारानं समदं पोत्यात बांधून गाडीत ठेवलं."

नागसेनला त्या अनोळखी माणसाचा संताप आला. मरायचं तर मरावं. चिठ्ठीत बायकोला कशाला ओढायचं? आता ती बाई जन्मभर तो कागद वाचत बसणार.

त्याला तेव्हाच कळायला हवं होतं, असं एखाद्याला वाटेल. पण अकरा वेळा शोधायला बोलावलेला माणूस बाराव्या वेळी स्वतःला हिशेबात धरत नाही.

त्यानं घड्याळात पाहिलं. पाच तास चाळीस मिनिटं उरली होती, तेवीस किलोमीटर बाकी होते. सहज झालं असतं. कुणाच्या मरणावर आपले किलोमीटर मोजणं त्याला बरं वाटलं नाही. त्यानं ओल्या बोटानं बटण दाबून घड्याळ थांबवलं आणि बोट वळवली.

किलोमीटर

(मोजणं बंद.)

काठापासून तीनशे मीटर आत, तेवढंच परत. दोन हात सरकायचं, पुन्हा आत, पुन्हा परत. बोटीमागे दोराला बांधलेला लोखंडी गळ तळाशी खरवडत यायचा. आधी बाभळीची फांदी लागली, मग सायकलचं टायर, मग कुणाच्या तरी साडीचा तुकडा. साडीपाशी नागसेननं डोळे मिटून घेतले. वर आली तेव्हा नुसतीच साडी होती.

दहा वाजता काठावर दहा माणसं होती, बारा वाजता शंभर. प्रत्येकाला प्रेत कुठे आहे ते ठाऊक होतं.

"डाव्या अंगाले घ्या साहेब, डाव्या अंगाले!"

"अबे डाव्या अंगाले गाळ हाये, तथी कोन मरन?"

"ज्याले मराचं हाये थो गाळ पाह्यते का?"

दुपारी डोमाजी लग्नाचं जेवून आला आणि बाहेरच्या बाहेर थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पाण्यात शिरला. काठाकडे परत येताना नागसेननं एकदा आपल्या धोंड्याकडे पाहिलं होतं. कपडे दिसले नाहीत. डोमाजीनं आल्या आल्या झोपडीत टाकले असतील, असं त्यानं धरलं.

"बाबा, काय वाटते?"

डोमाजीनं पाण्यात बोट बुडवलं, चाटलं, थुंकला. "मानूस पान्यात हाये. पन खाली नाई."

"म्हंजे?"

"मले बी समजून नाई राह्यलं. पन्नास वर्सात असं नाई झालं. वरच्या अंगाले कोठीतरी हाये, पाय." आणि तो नागसेनच्याच तोंडाकडे टक लावून पाहत राहिला. लग्नात त्यानं थोडी घेतलेली होती, म्हणून नागसेननं लक्ष दिलं नाही.

दुपारी एक वाजता, पोत्यात वाजलेला फोन

"जेवले का?"

"बाई, मी सुकळीचा पोलीस पाटील बोलून राह्यलो. हा फोन कोनाचा होये?"

"माह्या मिस्टरचा. कावून? तुमच्यापाशी कसा?"

"नाव काय त्यायचं?"

"नागसेन गवई. काय झालं?"

"बाई, बसून घ्या पयले."

"... बोट? बोट कुठं हाये?"

"बोट पान्यातच हाये. सकाळपासून शोध चालू हाये."

"निघाली मी."

"बाई? येतांनी कोनाले तरी संग आना."

पंचनामा (कच्चा)

मयताचे नाव: नागसेन गवई, रा. बडनेरा.
पेहराव: निळी पँट, पांढरा शर्ट, घडी घातलेली. पट्टा एक. चपला जोड एक.
मयताच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी: एक.
शोधकार्य करणारे: बोटवाले साहेब. (नाव विचारून लिहिणे.)

अकरा पंचनाम्यांवर नागसेनची सही होती. सही कुणालाच वाचता येत नव्हती, आणि नाव विचारायची गरज कधी पडली नव्हती.

पुन्हा पाण्यात

"साहेब, घाई करा! मयताची बायको निघाली!"

हे ऐकल्यावर नागसेनच्या हातात कुठून बळ आलं, त्यालाच कळलं नाही. त्या नवव्या पोराची आई त्याला आठवली. ती चार तास काठावर उभी होती आणि बोट वळली की दर वेळी एक पाऊल पुढे यायची. असं पुन्हा नको. ही बाई यायच्या आत सापडला पाहिजे. तळव्यांचे फोड फुटले, वल्ह्याचा दांडा लाल झाला. शर्यतीतही कधी वल्हवलं नव्हतं तसं तो वल्हवत राहिला, आत आणि परत, आत आणि परत, एका माणसासाठी.

तो सापडला नाही. बाई आली.

शेजारच्या सूर्यभानच्या गाडीतून ती उतरली तेव्हा गर्दी आपोआप दुभंगली. दोन बायांनी तिला धरलं. जमादारानं पोतं सोडलं. रश्मीनं पँटवरून हात फिरवला.

"त्यायचीच घडी होये," ती म्हणाली. आणि खाली बसली.

कोणी पाणी दिलं. ती प्यायली नाही. मग तिनं मान वर केली आणि धरणाकडे पाहिलं. पिवळं काहीतरी उन्हात चमकत होतं.

"तो कोन होये?"

शेषरावांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "देवमानूस हाये, बाई. सकाळपासून अन्नाचा कन नाई पोटात. तुमच्या मालकाले शोधून राह्यला."

रश्मी उठली. धरलेल्या बायांचे हात तिनं एकेक करून सोडवले.

"त्याले बोलवा."

नागसेन काठाला लागला. रश्मीला पाहून त्याला वाटलं, मला उशीर झाला म्हणून ही शोधत आली. फोन नाही, निरोप नाही. चिडली असणार.

"नाई सापडला अजून," तो म्हणाला. "तू कावून आली?"

"ओळख पटवाले."

"कोनाची?"

रश्मीनं हातातली पँट पुढे केली.

काठावर दोनशे माणसं होती, पण पाण्याचा आवाज ऐकू येत होता. नागसेननं पँटकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं, जमादाराच्या हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं. मग तो चिखलात खाली बसला.

"मी म्हनलं नव्हतं?" डोमाजी तराफ्यावरून ओरडला. "वरच्या अंगाले हाये म्हनलं होतं का नाई?"

गर्दीतून एक आवाज आला. "मंग मेलं कोन?" त्या आवाजात थोडी नाराजी होती. लोक कामं टाकून आले होते.

जमादारानं पंचनामा उघडला. लिहायला घेतलेला कागद असा सोडता येत नाही. "साहेब, शोधनाऱ्याचं नाव राहून गेलं. सांगा."

"नागसेन गवई."

"मयताचं नाई विचारलं. तुमचं."

"तेच."

 जमादारानं 'मयताचे' हा शब्द खोडला, शोधणाऱ्याच्या ओळीतही तेच नाव लिहिलं आणि 'सापडला' म्हणून सही घेतली. तशा कागदावर तो शब्द जिवंत माणसासाठी पहिल्यांदाच आला होता.

किलोमीटर ४१.६

सही करताना नागसेनचं मनगट वर आलं. आकडे पळत होते. ओल्या बोटानं दाबलेलं बटण दाबलंच गेलं नव्हतं.

त्यानं हात पटकन खाली घेतला. अशा वेळी घड्याळ पाहणं शोभलं नसतं. रश्मीनं मात्र पाहिलं होतं.

"किती झाले?"

"जाऊ दे. घरी चाल."

"किती झाले म्हनलं."

"एकेचाळीस पॉइंट सहा."

"अन् टाइम?"

"अकरा मिनिटं हायेत."

रश्मीनं डोळे पुसले. त्याच्या फाटलेल्या तळव्यांकडे पाहिलं. "मंग इथं बसून काय करून राह्यले?"

"रश्मी—"

"उठा. परत नाई आले तं पाहा."

त्यानं बोट ढकलली. वल्हं पाण्यात पडलं, आणि काठावरून सवयीनं आरोळी उठली, "डाव्या अंगाले, साहेब, डाव्या अंगाले!"

पँटसोबत पोत्यातला शर्ट, पट्टा आणि चपला घेऊन रश्मी भिंतीखालच्या धोंड्यापाशी गेली. चपला तिनं खाली ठेवल्या. मग शर्ट झटकला, पँट झटकली, सगळ्या घड्या मोडल्या आणि ते धोंड्यावर फेकले. पट्टा एकीकडे पडला. एक चप्पल तिनं पायानं उडवली, दुसरी तिथंच उलटी राहू दिली.