गावात हॉरिपिलेशन आलं!

अख्ख्या गावाचं इंग्रजी सुधारायचं, असं मी ठरवलं. आणि मी ठरवलं की ते होतंच! पस्तीस वर्षं भुसावळच्या शाळेत इंग्रजी शिकवून नुकताच गावी परतलोय. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज एक अनोखा शब्द लिहायचा, अर्थ मात्र दुसऱ्या दिवशी. तेवढीच लोकांना उत्सुकता!

पहिला शब्द निवडला, हॉरिपिलेशन. म्हणजे अंगावर काटा येणं. एवढ्याशा काट्याला केवढा राजेशाही शब्द! मी थक्क होऊन शब्दकोशाला चक्क नमस्कार केला.

फळ्याच्या माथ्यावर 'केळी उत्पादकांना तातडीची सूचना' असं ऑइलपेंटने कायमचं रंगवलेलं आहे. त्याखाली मी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'हॉरिपिलेशन! अधिक माहिती उद्या.'

नऊ वाजता फळ्यापुढे ही गर्दी! जो तो शब्द पुटपुटून पाठ करत होता. ज्ञानाची ही ओढ पाहून मला भरून आलं. दहा वाजता शेती औषधांच्या दुकानाबाहेर रांग लागली.

"हॉरिपिलेशनवर काही आहे का?"

"आहे ना! कालच माल आला!" दुकानदार हेमराज म्हणाला.

मी बुचकळ्यात पडलो. तेवढ्यात शेजारच्या निंबाची आई, भिकुबाई, धापा टाकत आली. "सर, माह्या निंबाले आवरा! रोग पसरायच्या आधी केळीची बाग उपटतो म्हने! ट्रॅक्टर घेऊन गेला!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घडांनी वाकलेली तीन हजार झाडं, आणि माझा एक शब्द! पायात चपला न घालताच पळालो. निंबा ट्रॅक्टर बागेत घालणार, एवढ्यात मी पुढ्यात उभा राहिलो.

"थांब रे! हा झाडांचा रोग नाही!"

"मंग कोनाचा हाये?"

"माणसांचा!"

निंबा पांढराफटक पडला. माझी जीभ पण ना!

"अरे, घाबरू नकोस! हात बघ तुझा!" त्याच्या हातावर सरसरून काटा आला होता. "हेच हॉरिपिलेशन! अंगावर काटा येणं, बस!"

त्याने हाताकडे पाहिलं, बागेकडे पाहिलं, ट्रॅक्टर बंद केला आणि बांधावर मटकन बसून लहान मुलासारखा रडला. "सर, मंग काटा म्हना ना!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका शब्दात एवढी ताकद असते, हे पस्तीस वर्षं शिकवूनही मला ठाऊक नव्हतं!

फळा पुसायला चौकात आलो, तर हेमराज वाट बघत उभा. दुकानातली फडताळं रिकामी. आता लोक औषधं परत आणणार आणि हा माझी गचांडी धरणार! पण तो वाकून माझ्या पाया पडला आणि कानाशी कुजबुजला, "सर, उद्याचा शब्द आजच सांगा ना. माल मागवून ठेवतो!"