शाहूपुरीतलं नेपल्स

“ओ पावणं, पाय काढा! समुद्रात उभं हायसा तुम्ही!”

शाहूपुरीच्या आमच्या अडत दुकानात गूळ घेऊन आलेला शेतकरी ही बोंब ऐकून टुणकन मागे उडे आणि खाली बघे. खाली फरशी. फरशीवर खडूने काढलेलं बंदर आणि काठाने फुटक्या ढेपांचे तुकडे. ओरडणारा म्हणजे आमच्याकडे गूळ तोलणारा गणू शिंदे. दुसऱ्या महायुद्धात हा इटलीतल्या नेपल्स शहरी पलटणीच्या भाकऱ्या थापून आला आणि परतल्यापासून त्याने कोल्हापूरला हिशेबातच धरलं नाही. लोक त्याला नेपल्सराव म्हणत. ही पदवी चिडवायला दिलेली आहे, हे त्या शहाण्याला चार वर्षांत कळलं नव्हतं.

नेपल्स दाखवल्याशिवाय गडी काट्याला हात लावत नसे. हा तुकडा कस्टमची कचेरी, तो राजाचा किल्ला, पलीकडे रेशमाची पेठ. उदबत्ती खोचलेली अख्खी ढेप म्हणजे आग ओकणारा डोंगर. उन्हं वर आली, गुळाला मुंगळे लागले, की हा छाती काढून सांगे, बाजार भरला. तिथल्या एका बोटीत म्हणे अख्खं कोल्हापूर म्हशींसकट मावतं, वर इचलकरंजीचे माग ठेवायला माळा उरतो. रंकाळा त्याच्या लेखी डबकं, आमची पेठ म्हणजे टपरी, पन्हाळा म्हणजे पायरी. शेवटी ठरलेलं वाक्य: “बघून घ्या, परत बोट न्हाय.”

या माणसाने नेपल्स पाहिलं असेल तर चुलीच्या धुरातून, असं मी, दुकानाचा दिवाणजी, चारचौघांत म्हणत असे. किल्ला तर दर आठवड्याला जागा बदले. एकदा कुणाच्या बैलाने तो खाऊन टाकला, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांना यानं सांगितलं, बॉम्ब पडला.

एका दुपारी हुपरीहून कासमचाचा आले. पैंजणांना घुंगरं जोडून जोडून बोटं वाकडी झालेले म्हातारे. वहाणा त्यांनी समुद्राबाहेर काढल्या. म्हणाले, मुलगा हनीफ लढाईत खेचरांच्या तांड्यावर होता. तो गेल्याचा सरकारी कागद आला, त्यात दफन नेपल्सला एवढंच लिहिलेलं. ते गाव शाहूपुरीत बघायला मिळतं, असं मोटारीत कुणीतरी सांगितलं.

“ह्यात माझा हनीफ कुठं हाय?”

मी मान खाली घातली. आता हा म्हाताऱ्यालाही बोटीत म्हशी चढवून दाखवणार.

नेपल्सरावाने मुलाचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग उकिडवा बसला, डोंगर उचलून बाजूला ठेवला आणि मागच्या रिकाम्या फरशीवर बोट टेकलं.

“हितं. चढ हाय जरा. खाली समदा समुद्र दिसतो. डोक्यावर अंजिराचं झाड हाय, चाचा. पोराला ऊन लागत न्हाय.”

चाचांनी त्या फरशीवर तळवा ठेवला. बाहेर तीन गाड्या गूळ खोळंबला होता. मग ते उठले, वहाणा घातल्या आणि हुपरीची मोटार धरायला गेले.

माझी जीभ सवयीची. मी विचारलं, “काय नेपल्सराव, ते झाड तरी खरं काय?”

तो काट्याचं पारडं पुसत होता.

“न्हाय, दिवाणजी. उशाला नुसता दगड हाय. नंबर घातलेला.”